सतरा नंबरचा फॉर्म

"मावशी, तू बाहेर व्हरांड्यात बस. तुझं शेवटी बघू."

नववीचे वर्गशिक्षक सर भर पालकसभेत बोलले. तीस-पस्तीस आईबाप बाकांवर बसलेले. मी तिसऱ्या बाकावर होते. शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावला, सरांनी तो बघितला, आणि मला उठवलं. बाकीच्या बायका मॅडम. मी मावशी. बाकीच्यांना तुम्ही. मला तू.

मी सारसोळ्याची कोळीण. नेरुळच्या बाजारात मासळी विकते. पण त्या दिवशी, सभेचं बाजारात कानावर आलं म्हणून, पाटी जावेच्या हवाली करून घरी आले होते, साबण लावून आंघोळ केली होती, सणाचं लुगडं नेसले होते, केसात अबोली माळली होती. माझ्या अंगाला वास नव्हता. वास माझ्या लुगड्याच्या नेसणीला होता. ती बघितली की त्यांना वास यायचा.

आमच्या खाडीत भराव टाकून सेक्टर उभे राहिले. त्या सेक्टरातली ही शाळा. तिच्या व्हरांड्यात मी दोन तास बसले. उठून गेले नाही, कारण पोराचं काहीतरी असणार, एवढंच डोक्यात. तेव्हा मला राग येत नव्हता. लाज येत होती. आज त्या लाजेचाच राग येतो.

सगळे गेल्यावर सरांनी आत बोलावलं. टेबलावर एक लिहून तयार कागद होता, बाजूला शाईचं पॅड. म्हणाले, इथं सही कर, येत नसेल तर अंगठा दे. पोरगा गणितात आणि इंग्रजीत कच्चा आहे, तुझ्याच भल्याचं आहे. मी विचारलं, यात काय लिहिलंय? ते म्हणाले, तुला वाचून काय कळणार.

मला माझं नाव काढता यायचं. पोरानेच शिकवलं होतं. पाचवीपासून प्रगतिपुस्तकावर तेच नाव काढत आले, काय लिहिलंय ते न विचारता. पेन हातात घेतलंसुद्धा. तेवढ्यात सर पाठीमागच्या शिपायाला हसत म्हणाले, "दहावी करून तरी काय, पाटीच उचलणार ना."

पाटीने माझं घर चाललं. पाटीने या शाळेचा गणवेश आला. मी पेन खाली ठेवलं.

"मना वाचून दाखवा. त्याबिगर सही करनार नाय."

सर म्हणाले, वेळ नाही. मी म्हटलं, मना हाय. मग तो कागद उचलला, घडी घालून चोळीत ठेवला आणि निघाले. शिपाई गेटपर्यंत मागे आला. हात लावायची त्याची छाती झाली नाही.

घरी पोराला समोर उभं केलं. वाच म्हटलं. तो वाचायला लागला. कौटुंबिक अडचणीमुळे मी माझ्या पाल्याचं नाव स्वखुशीने शाळेतून काढून घेत आहे. तो सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसेल. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. पोर नापास झालं तरी शाळेच्या निकालात धरत नाहीत. शाळेच्या फाटकावर निकालाचा बोर्ड होता, शंभर टक्के लिहिलेला. त्या शंभरात माझा पोर मावत नव्हता, म्हणून अडचण माझी आणि खुशीही माझीच लिहिली होती.

मग त्याची डायरी वाचायला लावली. त्यात एकच वाक्य अकरा वेळा. गृहपाठ अपूर्ण, पालकांनी भेटावे. एकदाही त्याने सांगितलं नव्हतं. मी विचारलं, का नाय सांगितलंस?

तो खाली बघून म्हणाला, "तू आली असतीस म्हणून."

हात उगारला होता मी. तो तसाच राहिला. माझ्या पोराला माझी लाज त्या शाळेनेच शिकवली होती. पण खोटं कशाला बोलू, माझंही चुकलं होतं. मासळी जास्त आली की मीच त्याला शाळा बुडवून बाजारात बसवायची. कमी मार्क पडले की बडवायची. कुठं अडतंय, हे कधी विचारलं नाही.

गावात चौकशी केली. आणखी दोघींना तोच कागद आला होता. त्यातल्या एकीने, शेजारच्या भानूने, अंगठा देऊनही टाकला होता. सोमवारी आम्ही तिघी मोठ्या बाईंच्या ऑफिसात गेलो आणि विचारायच्या आत खुर्च्यांवर बसलो. बाई म्हणाल्या, शाळेचा नियम आहे. मी म्हटलं, दाखवा. नियम नव्हता. पोराचे पेपर मागितले. सरांनी कुरकुर करत आणले. बीजगणिताच्या पेपरावर नुसत्या लाल फुल्या. कुठं चुकलं ते एका ओळीतही लिहिलेलं नाही. अकरा वेळा मला बोलावणाऱ्या माणसाने पोराला एकदाही जवळ बोलावलं नव्हतं.

मी बाईंना म्हटलं, "मी दर शनवारी येनार. या आठवड्यात त्यानं काय करायचं ते सरांनी सांगायचं. करून घ्यायचं काम माजं."

बाईंनी सरांकडे बघितलं. सरांनी खिडकीकडे.

वर्षभर एक शनिवार चुकवला नाही. पोराला बाजारात बसवणं बंद केलं. रोज संध्याकाळी मासे साफ करताना त्याला समोर बसवायची. मना समजव म्हणायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो कुठं अडखळतो ते कळायचं. तिथंच बोट ठेवायचं आणि शनिवारी सरांना तेच विचारायचं. त्याच पुस्तकांवरून मीही अक्षरं लावायला शिकले. सरांच्या तोंडचं 'तू' सुटलं. मनापासून नाही, नाइलाजाने.

पोर शाळेतूनच दहावीला बसला आणि पास झाला. सेकंड क्लास. शाळेच्या बोर्डावर त्याचं नाव आलं नाही, येणारही नव्हतं. आमच्यातल्या तिसरीचा पोरही शाळेतूनच बसला आणि सुटला. भानूचा मात्र नाही. त्याच्या हातात दाखला पडला होता. बाहेरून बसायचं म्हणजे कुठं जायचं, कोणाला विचारायचं, हे कोणी सांगितलं नाही. तो आज जासईच्या यार्डात कंटेनर खाली करतो. त्याच्या आईचा अंगठा शाळेच्या कपाटात आहे, 'स्वखुशीने' असं लिहिलेल्या ओळीखाली.

लोक मला म्हणतात, तुझा पोर सुटला ना, आता सोड. मी काही सोडलेलं नाही.

भानूचा धाकटा यंदा नववीत गेलाय. शाळा उघडली की पहिल्याच शनिवारी आम्ही दोघी ऑफिसात असू. बोलावणं येईपर्यंत थांबणार नाही.