सरूबाईचा निकाल

आणीबाणी उठल्यानंतर नगरपालिकेची जी निवडणूक झाली, त्या निवडणुकीत मी सरूबाईशी बोलणं टाकलं. औषधांच्या कंपनीत एकाच टेबलावर बसून आम्ही नऊ वर्षं बाटल्यांना लेबलं लावली होती. पण त्या आठवड्यात मी सुपरवायझरला सांगून माझं स्टूल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिनं मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

सरूबाई मूळची इथलीच. आम्ही साताऱ्याकडून आलेली माणसं. ती मात्र इथं शेतं होती, कारखाना एकही नव्हता, तेव्हापासूनची. शाळा दुसरीपर्यंत. नवरा भिवा फाउंड्रीत कामाला. राहायला आमच्याच वस्तीत, रेल्वेलाईनच्या कडेला. तिला एकच नाद होता, सभांचा. पक्ष कुठलाही असो, युनियन कुठलीही असो, शिफ्ट सुटली की ही पदर खोचून सभेला हजर. पुढे बसायची नाही. मागे उभी राहायची, तेही बाजूला, म्हणजे बोलणारा आणि ऐकणारे दोघंही दिसावेत.

दुसऱ्या दिवशी टेबलावर ती आम्हाला विचारायची, "काल काय म्हणाला, सांगा." कुणी काही सांगू शकलं तर ती ऐकून घ्यायची. कुणाला काहीच आठवलं नाही, नुसतं 'छान बोलला' म्हणालं, तर म्हणायची, "मग न्हाई बोलला." टाळ्या ती जमेस धरत नव्हती. कोण जिंकणार हा तिचा अंदाज दोन निवडणुकांत आणि एका संपात खरा ठरला होता. वस्तीतले पुढारीसुद्धा गंमत म्हणून का होईना, तिला विचारायला लागले होते.

त्या वर्षी आमच्या वॉर्डात दोघांची लढत होती. एक अण्णासाहेब, आमच्याच समाजातले, निवृत्त हेडमास्तर. स्वच्छ माणूस. वस्तीतल्या कितीतरी पोरांच्या फॉर्मवर त्यांनी सह्या केल्या होत्या. दुसरा रंगराव, गावचा जमीनवाला. ट्रकच्या वजनकाट्यासाठी आमच्या वस्तीतली रस्त्याकडेची अठरा घरं त्यानंच पाडायला लावली होती. त्यात एक सरूबाईचं. पोलीस उभे होते आणि भिवा भांडी बाहेर काढत होता, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर तिनं रंगरावाचं नाव घेतलं नाही. 'तो' म्हणायची.

अण्णासाहेबांची सभा आधी झाली. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेण्यातच त्यांची पंधरा मिनिटं गेली. मग नगरपालिकेचा कायदा, मग ठराव, मग कर्तव्य. सव्वा तास झाला. आम्ही जीव तोडून टाळ्या वाजवल्या, कारण माणूस आपला होता. सकाळी सरूबाईनं विचारलं, तेव्हा टेबलावरच्या मंजुळाबाईला त्यांची शाल आठवली आणि मला त्यांचा खोकला.

दोन दिवसांनी रंगराव आला. तोही आमच्याच मैदानात. पोरांनी ठरवून ठेवलं होतं की बोलू द्यायचं नाही. त्यानं माईक बाजूला सारला, खाली उतरला आणि म्हणाला, "तुमची घरं मी पाडली."

ओरडायला उठलेली पोरं पुन्हा खाली बसली.

"मी पाडली, नाही म्हणत नाही. एका दिवसात पाडली. साहेब आले, पोलीस आले, माझ्या एका चिठ्ठीवर आले. आता मला सांगा, ज्याच्या चिठ्ठीवर घर पडतं, त्याच्या चिठ्ठीवर नळ येणार नाही? मास्तर भला माणूस आहे. त्याची चिठ्ठी कोण वाचतो?"

मग त्यानं एकशेचाळीस घरांना एक नळ आहे हे सांगितलं, पहाटे चारला रांग लागते हे सांगितलं, रांगेतल्या दोन बायकांची नावंसुद्धा घेतली. वीस मिनिटांत संपवून जीपमध्ये बसला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

सकाळी टेबलावर विचारावं लागलंच नाही. आम्ही त्याला शिव्या घालत होतो आणि शिव्या घालता घालता त्याचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत होतो. सरूबाई ऐकत राहिली. तिचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता.

त्याच संध्याकाळी बुद्धविहारात बैठक होती. अण्णासाहेब होते, विहाराच्या कमिटीचे सोपानराव होते, आम्ही वीस-पंचवीस जण. सोपानरावांनी हसत तिला विचारलं, कोण येणार. ती उभी राहिली आणि म्हणाली, "तो येतोय निवडून. त्याचं बोलणं लोकांच्या डोक्यात बसलंय. अण्णा, तुमचं एक वाक्य कुणाला सांगता येईना."

कुणी काही बोलायच्या आत तिनं पुढचंही सांगितलं. तो 'बघतो' असं चारदा म्हणाला, पण नळ कधी ते एकदाही बोलला नाही. अण्णांनी दहाच मिनिटं बोलावं, आणि तेवढंच विचारावं, तारीख सांग म्हणून. चिठ्ठी तुझ्या वजनकाट्यासाठी निघाली, आमच्यासाठी आजवर एक तरी निघाली का, हेही विचारावं.

अण्णासाहेब पांढरेफटक पडले. "मी तमाशा करायला उभा राहिलेलो नाही, बाई," एवढंच म्हणाले. सोपानराव उठले. घर पाडणाऱ्याची तारीफ विहारात बसून करते, बाई विकली गेली, असं ते सगळ्यांसमोर बोलले. मागून कुणीतरी विचारलं की लुगडं मिळालं का. भिवा तिथंच बसला होता. त्यानंही मान खाली घातली. मी मोठ्यानं हसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. नऊ वर्षं ती आम्हाला परीक्षा घेतल्यासारखं विचारत आली होती.

त्यानंतर तिच्याशी कुणी बोलेना. नळावर तिची घागर मागे सरकवायचे. अण्णासाहेबांनी आणखी दोन सभा घेतल्या, पहिल्या सभेसारख्याच.

रंगराव चारशे मतांनी आला. आमच्या वस्तीच्या पेटीतही त्याचीच मतं जास्त निघाली. सोपानराव म्हणाले, सरूबाईनं फोडली वस्ती. लोकांना ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

महिन्याभरानं रंगरावाचा माणूस कंपनीच्या गेटवर आला. बाईंनी रंगरावांच्या भाषणाची पारख केल्याचं त्यांच्या कानावर गेलंय, महिला आघाडीत घ्यायचं म्हणतात, असा निरोप होता. गेटवर आम्ही सगळ्या होतो. ती त्याला म्हणाली, "त्याला सांग, बोलला चांगला. म्हणून मी जास्त थुंकते त्याच्यावर." आणि आत जाऊन कार्ड पंच केलं.

तरीही तिची कुणी माफी मागितली नाही. नळ तीन वर्षांनी आले, ते नगरपालिकेच्या योजनेतून. रंगरावानं फक्त नारळ फोडला.

मी तिला खरं सांगितलं ते ब्याऐंशीत. तिनं नोकरी सोडली होती, लेकीकडे चाकणजवळच्या कुरुळीला राहायला चालली होती. शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सांगितलं की माझं मत रंगरावाला गेलं होतं. शिक्का मारताना ते चिठ्ठीचं वाक्यच कानात होतं. टेबलावरच्या आणखी दोघींचंही तसंच.

"तुझं?" मी विचारलं.

"अण्णाला," ती म्हणाली. "हरणार माहीत होतं तरी."

मला वाटलं, आता ती हसेल, नाहीतर रागावेल. तिनं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला.

"तवाच बोलली असतीस तर भांडले असते," ती म्हणाली. "आता काय करू मी तुझ्या सांगण्याचं?"

तिनं पिशवी उचलली. चाकणच्या एसटीला वेळ होता, पण ती थांबली नाही.