शुभदाने न पाहिलेला कॅनडा

हेमंतचा फोन आला तेव्हा मी कतारमधल्या हमद पोर्टजवळच्या आमच्या ऑफिसात एका अडकलेल्या कंटेनरवरून कुणाशी तरी हुज्जत घालत होते. "अनघा, शुभदा गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळीच तिची बायपास होती... पर्स उचलून मी गाडीत येऊन बसले आणि पहिला विचार मनात आला तो तिच्या मुलीचा, ईराचा. आता तिच्या कॅनडातल्या परमिटचं काय? इतक्या वर्षांची मैत्रीण गेली आणि मला परमिट सुचतंय! पण शुभदाला विचारता आलं असतं, तर तिनेही आधी हेच विचारलं असतं.

दोह्याच्या बिन महमूद भागातल्या एका इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत आमची मैत्री झाली. ती नाशिकची, राज्यशास्त्राची एम.ए. नवरा हेमंत गॅसच्या प्रकल्पावर इंजिनीअर. इथे येऊन काही वर्षं तिने घर सांभाळलं. मग दोह्यातल्या एका शाळेत, जिथे कॅनडाचा अभ्यासक्रम शिकवतात, एक बाई वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या आणि शुभदाला बदलीवर बोलावलं. विषय होता सामाजिक शास्त्र, म्हणजे मुख्यतः कॅनडाचा इतिहास. तिने आयुष्यात कॅनडा पाहिलेला नव्हता. "बर्फ मी फक्त फ्रीजरमध्ये पाहिलाय गं," ती हसून म्हणायची. पण ती जिद्दीने वाचत गेली आणि त्या शाळेत कायमची झाली.

संध्याकाळी चहाला आली की ती तेच बोलायची. क्वेबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताने वेगळं व्हायचं की नाही याचं मतदान, आणि तो देश फुटता फुटता कसा वाचला, हे ती असं सांगायची की जणू तिच्या माहेरच्या वाटण्या चालल्या आहेत. चिनी मजुरांकडून रेल्वे बांधून घेतली आणि मग त्यांनाच येण्याबद्दल कर लावला. पंजाबी माणसांनी भरलेलं जहाज बंदरातून माघारी धाडलं. पुढे शिक्षण आणि हुन्नर पाहून गुण देण्याची पद्धत आली आणि आपल्यासारख्यांना दार उघडलं. तिच्या वर्गात लेबननची, इजिप्तची, केरळची मुलं असत. त्यातली निम्मी पुढे तिकडेच जाणारी. त्यांना हे सगळं माहीत असलंच पाहिजे, असा तिचा हट्ट होता.

ईरा बारावीनंतर कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एका छोट्या गावी शिकायला गेली आणि मग हा इतिहास शुभदाच्या घरात राहायला आला. सुरुवातीची वर्षं बरी गेली. पण हळूहळू तिकडची हवा बदलली. घरं मिळेनात, भाडी परवडेनात, आणि लोक बोट दाखवायला लागले ते बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांकडे. सरकारने संख्या कमी केली, नियम एकामागून एक बदलले. शुभदाचं जेवणात लक्ष राहिना. सकाळी उठल्याबरोबर ती आधी तिकडच्या बातम्या उघडायची.

"हा देश आधी बोलावतो, अनघा, मग दचकतो," एकदा ती म्हणाली. "आणि खूप वर्षांनी संसदेत उभं राहून माफी मागतो. मी दर वर्षी शिकवते ना ते. पण तोपर्यंत माझी ईरा केवढी झालेली असेल?"

मी इथल्या सवयीने म्हटलं, "इन्शाल्ला, होईल सगळं नीट." तर माझ्यावरच चिडली.

शिक्षण संपल्यावर ईराला तिथे नोकरी लागली होती, पण परमिटची मुदत संपली होती आणि नव्या परमिटसाठी केलेल्या अर्जाचं उत्तर यायचं होतं. तोपर्यंत तिथे राहून काम करता येत होतं. मात्र मध्येच देशाबाहेर पाऊल टाकलं, तर पुन्हा तसं आत घेतील याची शाश्वती नव्हती. नेमक्या याच दिवसांत शुभदाला जिना चढताना छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी बायपास लवकर करायला सांगितली. हॉस्पिटलमधून बाहेर पडताना तिने हेमंतला आणि मला बजावलं, "ईराला कळता कामा नये. कळलं की ती विमानात बसेल."

मी भांडले. "अगं, तिला नंतर काय वाटेल?"

"वाटू दे. तिथे राहिली म्हणजे झालं."

त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या वर्गात मूळ रहिवाशांच्या मुलांच्या शाळांचा धडा होता. सरकारने आईबापांपासून तोडून नेलेली मुलं, त्यांची काढून घेतलेली भाषा. एका मुलीने विचारलं, मिस, आया आजारी पडल्या तर त्या मुलांना कोणी कळवायचं का? शुभदा घरी आली ती थेट माझ्याकडे. पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. "मला उत्तर देता आलं नाही," ती म्हणाली. "त्या बायकांशी माझी बरोबरी नाही गं, त्यांची पोरं ओढून नेली होती. पण मी तर माझ्या हाताने..." माझ्याच सोफ्यावर बसून तिने ईराला फोन लावला आणि ऑपरेशनचं सांगितलं.

पलीकडून ईराचा आवाज मला ऐकू येत होता. "आई, आय ॲम कमिंग. डोन्ट आर्ग्यू."

"अगं, पेपर येऊ दे आधी..."

"नो!"

ईरा आली. ऑपरेशनच्या आधीचे ते थोडे दिवस मायलेकी एकमेकींना सोडून हलल्या नाहीत. शुभदा तिच्या केसांना तेल लावायची आणि तेल लावता लावता विचारायची, "ईमेल बघितलास का?"

पण ऑपरेशन टेबलवरून ती परत आलीच नाही.

तिला नाशिकला नेलं. सगळं उरकून बापलेक घर आवरायला दोह्याला परतले, आणि इथेच ईराला उत्तर मिळालं. अर्ज नामंजूर. ती मला म्हणाली, "मावशी, आय वुड स्टिल कम." हेमंतचं कॉन्ट्रॅक्टही यंदा संपतंय. नोकरी संपली की हा देशही सोडावा लागतो. कुठे जायचं, हे त्या दोघांनाही अजून ठरवता आलेलं नाही. मला झोप लागत नाही. शुभदाची काळजी आता माझ्याकडे आलीय असं वाटतं.

गेल्या शुक्रवारी आम्ही तिचं कपाट उघडलं. साड्यांच्या मागे प्लॅस्टिकच्या कव्हरात एक जाड लोकरीचा कोट होता. गडद निळा, आतून मऊ अस्तर, लेबल अजून तसंच. ईराला तो आखूडच झाला असता. शुभदाच्याच मापाचा. या उन्हाच्या गावात तिने तो कधी आणि कुठून आणला, हेमंतलाही माहीत नव्हतं. मी खिशात हात घालून पाहिला. काही नव्हतं.

ईराने कोट अंगात घातला आणि पलंगाच्या कडेला बसली. बाहेर ऊन रणरणत होतं. ती घामाघूम झाली, पण तिने तो काढला नाही. हेमंत दारात उभा राहून पाहत होता. मग त्याने एसीचा रिमोट उचलला, थंडी वाढवली, आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.