चित्री, माघारी फिर

थांबा, आधी हे लिहून टाकते, भाकऱ्या नंतर. उशीर केला तर उद्या मलाच वाटंल स्वप्न पडलं होतं.

पहिलंच सांगते, मी भुताखेतावाली पोरगी नाय. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की कोपऱ्यात उभी राहून व्हिडिओ काढणारी मीच असते. "हा मेसेज अकरा जणांना पाठवा" असं कुणी टाकलं की त्याला सरळ ग्रुपमधून काढते (अ‍ॅडमिन हाय मी). तेव्हा "फेक फेक" करायच्या आधी पूर्ण वाचा प्लीज.

मी संभाजीनगरला काकूकडं राहते, क्रांती चौकापासून चालत दहा मिनिटं. कॉलेज करते. काकूचा सचिनदादा शेंद्र्याला कंपनीत हाय. आमचं मूळ घर मेंढरांचं. भाऊबंदांनी एकेक करून मेंढरं विकली आणि कामाला लागले. माझे आबा, म्हणजे वडील, तेवढे ऐकत नाहीत. औंदा पाऊस नाय, चारा नाय, तरी खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, घेऊन चितेगावच्या पुढं फिरतायत. सत्तर मेंढरं. ती गेली तर आबा काय करतील, याचा विचार पण करवत नाय मला. शहरात आणून बसवलं तर आठ दिवसांत वाळून जाईल तो माणूस.

खांडात एक पुढारी मेंढी असती. आमची चित्री. ती वळली की सत्तरच्या सत्तर वळतात. आणि माझं गेममधलं नाव पण चित्रीच हाय, दादानं ठेवलेलं. का? तर म्हणे, "तू पण डोकं खाली घालून पुढं पळतीस आन मागच्यांना मरायला लावतीस."

तर मागच्या गुरुवारची गोष्ट. दुपारचे साडेतीन-चार. नळाचा वार होता. आमच्याकडं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, त्यामुळं घरातला प्रत्येक ड्रम, हंडा, बादली नळापाशी लाईनीत. दादाला सुट्टी. पाण्याची वाट बघत आम्ही दोघं तो चौघांच्या टीमचा गोळीबाराचा गेम खेळत होतो. टीमला दोन रँडम, म्हणजे अनोळखी, मिळाले. एक पोरगा "भाई रिव्हाइव्ह दे, भाई रिव्हाइव्ह दे" (म्हणजे मला परत जिवंत कर) करत पहिल्या मिनिटातच मेला आणि गेला. असले रोज भेटतात. मागून आईचा आवाज येतो, कुकरची शिट्टी येते, मग गायब.

दुसऱ्याचं नाव नुसतं एक टिंब. उतरला तिथंच उभा. हालत नाय, गोळी मारत नाय. पण माईक चालू... आणि मागून घुंगरांचा आवाज.

मी गेममधल्या नदीकडं पळत निघाले. तेवढ्यात टिंब बोललं. आधी जिभेनं "च्यूऽऽ च्यूऽऽ हर्र". मग एकदम शांतपणे —

"चित्रे, माघारी फिर. ते पाणी नको पिऊ. पोरगी नको म्हणती."

दादा फुटला हसून. "आयला! कोणती पोरगी भाऊ? पाणी कोण पितंय इथं?"

मला हसू नाय आलं. प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी असती. शंभर माणसांत डोळे बांधून उभं करा, मी आबांची हाक ओळखीन. मी म्हणले, "थांब दादा, आबांला फोन लावते."

"अगं झोन येतोय, मरशील!"

"मरू दे."

गेममधून बाहेर पडले आणि फोन लावला. आबांचा साधा बटणांचा फोन. चार्जिंग वाचवायला दिवसभर बंद ठेवतात. त्या दिवशी नेमका लागला.

"आबा, कुठं हायत?"

"तळ्यावर. पाजायला आणलीत. का गं, नळ आला का?"

"आबा, पाजू नका तिथं."

"का?"

"मला नाय माहीत. नका पाजू."

"येडी का खुळी तू! दोन कोस तंगडतोड करत आणलीत. जिभा बाहेर आल्यात त्यांच्या. तिकडं बसून मला शिकवती व्हय?"

"आबा, माझी आण हाय तुमाला."

आण घातली की आबा पुढं बोलत नाहीत. मागून मेंढरांची घुंगरं वाजली. मग फोन कट. मी तिथंच ड्रमवर बसले. नळ आला, काकू ओरडत होती, "अगं बादली धर, वाहून चाललं!" मी बादली धरली, पण ध्यान तळ्यावरच. आबांचं न ऐकता बोलले, आणि मेंढरं तहानेनं पडली असती तर माझ्यामुळंच.

दिवस मावळायच्या आत आबांचाच फोन. एका शेतकऱ्यानं बोअरवर पाजू दिलं होतं. आणि तळ्यावर मागून दुसरं एक खांड आलं, त्यातली नऊ मेंढरं काठावरच पडली. तळं आटलंय, राहिलेल्या पाण्यावर हिरवी साय आलीय, ती विषारी असती, त्यानं झालं असं डॉक्टर म्हणाले. मग आबांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

आता ऐका. दादा सगळे गेम रेकॉर्ड करतो, त्याला शॉर्ट्स टाकायचे असतात (बघत कुणी नाय). परवा रविवारी आम्ही चितेगावला जाऊन आबांला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी मोबाईल कानाला लावला, दोनदा ऐकलं.

"हे मी हाय की."

"आबा, तुमी कधी बोलले हे?"

"तुझा फोन ठेवला ना, तवा. चित्री पाण्यात तोंड घालायलाच गेलती. तिला म्हणलं, पोरगी नको म्हणती."

फोन ठेवल्यावर! आणि रेकॉर्डिंगमध्ये त्या वाक्याच्या नंतर मी म्हणते, "थांब दादा, आबांला फोन लावते." शब्दाला शब्द तोच. मी फोन केला म्हणून आबा तसं बोलले, आणि ते बोललेलं ऐकून मी फोन केला. यातलं पहिलं कोणतं?

दादानं काकूच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, त्यानं काही जोडलं नाय. त्या टिंबाचं प्रोफाइल शोधलं, सापडत नाय. पण झालं ते झालं, यावर मी ठाम हाय. सत्तरच्या सत्तर मेंढरं चरतायत ना तिकडं!

आबांनी यावर लई विचार केला नाय. आता रोज दुपारी फोन चालू करतात आणि विचारतात, "आज काय म्हणलो का गं मी?"

तुमच्यापैकी कुणाला गेममध्ये, कॉलवर, कुठंही, आपल्याच माणसाचं न बोललेलं बोलणं आधी ऐकू आलंय का? आलं असंल तर खरं-खरं सांगा. आणि ऐकून तुम्ही फोन लावला का नाय, ते पण.