दुधातली ज्वारी आणि माझ्या भावाचं कोपर

मंडळी, डाव्या हाताच्या एका बोटानं लिहितो आहे. उजवं मनगट सुजलं आहे. हाड तर मोडलं नसेल ना, हीच धास्ती.

आज सकाळी आमच्या वांकिडीकडच्या गावात शेजारच्या किसननं मुरघासासाठी, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी, दाणा अजून दुधात असलेली ज्वारी कापली. त्याचा बाप कुऱ्हाडीचा दांडा घेऊन धावला, "भरल्या पोटाची लक्ष्मी कापतो काय रे, हरामखोरा!" मी मधे पडलो आणि दांडा माझ्यावर बसला.

मधे पडलो, कारण नव्वदच्या सुमारास असाच दांडा माझ्या हातात होता. दाणा पक्का झाल्याशिवाय आणि पहिलं कणीस देवाला वाहिल्याशिवाय आमच्याकडे ज्वारीला विळा लागत नसे. माझ्या धाकट्या भावानं, नामदेवानं, अर्धं वावर हिरवंच कापलं. कुटी करून खड्ड्यात तुडवली, गूळपाणी शिंपडलं. चारा टिकवायला दुसरं औषध काही नाही. मी त्याला त्या खड्ड्यातच बडवलं.

"दादा, काऊन मारून राह्यला? आपल्याच बैलांसाठी हाय ना!"

मी आणखी जोरात हाणलं. कोपर फुटलं, ते कायमचं वाकडं राहिलं. त्या उन्हाळ्यात कडबा संपला, तेव्हा त्यानं एका हातानं खड्डा उघडून माझे बैल जगवले.

आज दुपारी तोच हळद गरम करून आला. लेप लावत म्हणाला, "लय सुजलं दादा, हात हालवू नको." तो गेल्यावर मी हे लिहायला बसलो.

तुमच्यापैकी कोणी इतक्या वर्षांनी धाकट्या भावाची माफी मागितली आहे का? सुरुवात कशी केली?