आत कोणी नाही

तोकुनागा शिगेओ बावन्न वर्षांचा होता आणि गेली दोन वर्षं तो कमळकाकडी होता.

म्हणजे नगरपालिकेचा शुभंकर आनापोन, त्याच्या पोशाखाच्या आत तो असायचा. गावच्या चिखलात पिकणाऱ्या कमळकाकडीवरून घडवलेलं ते गुबगुबीत बाहुलं, त्याच्या गोल डोक्याला नऊ भोकं. मधल्या भोकातून शिगेओ जग बघायचा. पाणीपुरवठ्यातून त्याला पर्यटनात हलवलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "तोकुनागासान, अख्ख्या पालिकेत आनापोनच्या मापाचे तुम्हीच." विभागप्रमुखाची खुर्ची त्याच्याहून दहा वर्षांनी लहान माणसाला मिळाली. नववर्षाला तो घरी गेला, आईने पुढ्यात तांदळाची मोची वाढत नोकरीचं विचारलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, मी विभागप्रमुख झालो. आईने लगेच उदबत्ती लावून ते बाबांच्या तसबिरीला सांगितलं. आता ते परत घ्यायचं कसं?

आनापोनला नियम दोनच. बोलायचं नाही आणि वाकायचं नाही, कारण डोकं खांद्यांवर नुसतं टेकवलेलं. नमस्काराऐवजी आनापोन हात हलवायचा. बोलायचं काम सोबतच्या मोरिकुबोचं. आत कोण आहे असं पोरांनी विचारलं की ती ठरलेलं उत्तर द्यायची, आत कोणी नाही.

नोव्हेंबरच्या जत्रेत, पोरं फोटोसाठी रांगेत उभी असताना, मधल्या भोकात आई दिसली. बसने दोन तास प्रवास करून, कापडात बांधलेली पर्सिमनची फळं घेऊन ती न कळवता आली होती. मोरिकुबोला तिने विचारलं, विभागप्रमुख तोकुनागा कुठे बसतात, मी त्यांची आई. मोरिकुबोने एकदा कमळकाकडीकडे पाहिलं. साहेब जरा बाहेर गेलेत, ती कशीबशी म्हणाली.

"असू दे, कामाचा माणूस," आई म्हणाली. मग ती आनापोनकडे वळली. "तुम्हीही त्याच्याच हाताखालचे ना? आमचा शिगे जरा बावळट आहे हो. सांभाळून घेता, फार उपकार आहेत." आणि ती कमरेतून खोल वाकली.

तीस वर्षं पाणीपट्टीच्या खिडकीवर काढलेला माणूस. समोरचा वाकला की पाठ आपोआप वाकते, पाठीला नियम कुठले ठाऊक? शिगेओ वाकला. डोकं सुटलं आणि गडगडत दांगोच्या, तांदळाच्या गोड गोळ्यांच्या, टपरीपर्यंत गेलं. रांगेतली एक चिमुरडी भोकाड पसरून रडू लागली.

घामाने निथळलेलं, केस चिकटलेलं लेकाचं तोंड आईने क्षणभर पाहिलं. शिगेओला वाटलं, जमीन नाही तर निदान अंगावरचा हा पोशाख तरी आपल्याला गिळेल. आईने स्वतःच्या गळ्यातला टॉवेल काढून झटक्यात त्याच्या डोक्यातोंडावर टाकला.

"हलू नकोस, शिगे," ती पुटपुटली, फक्त त्याला ऐकू जाईल इतकंच. मोरिकुबोने डोकं धावत आणलं, दोघींनी ते टॉवेलावरूनच बसवलं.

"आजी, आत कोण होतं?" चिमुरडीने हुंदके देत विचारलं.

आई फळांच्या गाठोड्याची गाठ घट्ट करत होती. ती सुटली नव्हती.

"आत कोणी नाही, बाळ."

गाठोडं मोरिकुबोच्या हातात देऊन, विभागप्रमुखांना द्या, असं सांगून ती निघाली. आईंना निरोप द्या, मोरिकुबो भोकाशी हलकेच म्हणाली, त्या वळून वाकताहेत.

टॉवेल डोळ्यांवर होता, भोकातून काही दिसत नव्हतं. शिगेओने नियमाप्रमाणे हात हलवला. कुठल्या दिशेला, ते त्यालाही कळलं नाही.