कुंदाताई हिस्ट्री पुसतात

अकोल्याच्या जुन्या शहरात कुंदाताईंचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक नियम: गिऱ्हाईक उठलं की त्यानं काय पाहिलं ते ब्राउझरमधून पुसून टाकायचं, कुकीजसकट. स्वतः वाचायचं नाही, दुसऱ्याला दाखवायचं नाही.

हा नियम डोमाजींच्या फजितीतून आला. बिचाऱ्यांनी इथं बसून दारू सोडवणारं केंद्र शोधलं. त्यांच्यामागून त्याच खुर्चीवर त्यांचेच व्याही सातबारा काढायला बसले, तर पडद्यावर जिकडेतिकडे दारू सोडवायच्या जाहिराती! "आत्ता इथून कोन उठलं?" व्याह्यांनी विचारलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बोभाटा झाला. डोमाजी पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत, आणि दारूही सुटली नाही. कुंदाताईंना त्याची बोच अजून आहे.

तेव्हापासून त्या कुणालाही भीक घालत नाहीत. एकदा खुशालराव आले, सुनेनं काय शोधलं ते पाहायला. "तिचं ते तिचं. तिचा हक्क हाय तो. मी काहून दाखवू तुमाले?" असं तोंडावर सुनावून त्यांना वाटेला लावलं.

मग एका मंगळवारी त्यांची लेक अबोली कॉलेजातून दुकानात आली. हातात मोबाइल असून तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर तासभर बसली, आणि काहीही न पुसता निघून गेली. महिनाभर पोरगी गप्प गप्प होती, जेवणात लक्ष नव्हतं. कुंदाताईंचा हात माउसवर गेला. एक क्लिक केलं की सगळं कळणार. कुण्या पोराची भानगड? परीक्षेत काही झालं? दुसरी कुणी आई असती तर तिनं खुशाल पाहिलं असतं, आणि तिला कुणी नावंही ठेवली नसती. कुंदाताईंनी मान वळवून सगळं पुसलं. पुसल्यावर मात्र त्यांना रडू आलं.

शनिवारी दुपारी दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. कुंदाताईंना राहवेना.

"अबोली, काय होऊन राहिलं तुले?"

अबोली त्यांच्याकडे पाहतच राहिली. "तू पाह्यलं नाही?"

"नाही. पुसलं."

"मी मुद्दाम तसंच ठेवलं होतं, आई. तोंडानं सांगवत नव्हतं. चार दिवस वाट पाहून राहिली मी. छातीत गाठ लागते मले."

कुंदाताईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. न पाहिल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला नाही. विचारायला चार दिवस लावले, याचा मात्र झाला, आणि फार झाला.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पाचला उघडतो. मायलेकी साडेतीनलाच पायरीवर जाऊन बसल्या.