भटजींचं लिव्हर अन् डॉक्टरसाहेबांचे जंतू

राजेहो, कंपाउंडरचं काम ते काय? पुड्या बांधायच्या अन् बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवायची. पण पुडी बांधून होईपर्यंत समोरचा माणूस गप्प थोडाच बसतो? बोलतो, बोलतो, अन् निघून जातो. औषध त्याच्या घरी जातं, किस्सा माझ्याकडे राहतो! अमरावतीला अंबागेटजवळच्या आमच्या दवाखान्यात असे पोतंभर जमले. त्यातले हे चार-पाच सांगतो, सगळे एकाच लिव्हरचे.

* * *

आमच्या डॉक्टरसाहेबांना एकच वेड होतं, पोटातले जंतू! विलायतेहून पोस्टानं मासिक यायचं. ते आलं की साहेब पेशंट सोडून मलाच वाचून दाखवायचे. "ऐक, ऐक! लिव्हरचं दुखणं आतड्यातून येतं म्हणतात! मी काय सांगत होतो?" मी "हो साहेब" म्हणायचो अन् खलबत्ता चालवायचो.

मग जो येईल त्याला पहिला प्रश्न पोटाचा. पायाला फोड असो की डोळ्यात कुसळ!

एकदा वरूडचे रामभाऊ आले. संत्र्याच्या बागा, अंगानं दणकट, अन् आवाज असा की रस्त्यावरचा टांगा थांबावा. दाढ ठणकत होती, गाल टम्म सुजलेला. साहेबांनी विचारलं, "पोट साफ होते काय? परसाकडे किती वेळा जाता?"

रामभाऊंनी गालावरचा हात काढला.

"डॉक्टरसाहेब, दुखून राहिलं वरतं. तुमी खालून काहून सुरू करून राहिले?"

* * *

दाढेसाठी रामभाऊ पुन्हा आले, त्याच दिवशी आमचे नानाभटजीही आले. गोरेपान, गुबगुबीत गृहस्थ. यजमान अकोटपासून वरूडपर्यंत. चहासुद्धा न घेणारा माणूस! उजव्या कुशीत जड वाटतं म्हणाले. साहेबांनी पडद्याआड टेबलावर निजवून पोट दाबलं अन् आतूनच ओरडले, "नाना, लिव्हर सुजलंय की हो तुमचं!"

झालं! दारूबंदीचे दिवस, अन् लिव्हर सुजलं म्हणजे माणूस पितो हे साऱ्या वऱ्हाडाला पाठ. बाहेरच्या बेंचवरचे सगळे एकमेकांकडे पाहू लागले. रामभाऊ तेवढे हळूच म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानानं हळूच, "अरे बाप्पा! भटजी?"

साहेब ताडकन बाहेर आले. "दारू नाही! चरबी आहे ती! श्राद्धाची खीर, लग्नाची जिलबी, सत्यनारायणाचा शिरा! एवढं गोड आतड्यात साचलं की तिथले जंतू ते आंबवतात, अन् त्याचा त्रास लिव्हरला. कळलं? यांच्या पोटातच भट्टी लागली आहे!"

साहेब बिचारे नाव वाचवायला बाहेर आले होते. संध्याकाळी गावात काय फिरलं? "डॉक्टरनंच सांगतलं ना भाऊ! भटजीनं भट्टी लावली!"

महिन्याभरात दोन घरांनी सत्यनारायणाला दुसरे गुरुजी बोलावले. नाना दवाखान्यात येऊन बसले, डोळे भरलेले. "डॉक्टर, पोटाचं मागून पाहू. आधी माझं नाव दुरुस्त करा." मला फार वाईट वाटलं हो.

* * *

साहेबांनी ठरवलं, चरबी उतरली की नाव आपोआप दुरुस्त होईल. "नाना, महिनाभर उपवास!"

नानांना काय, उपवास म्हणजे हातचा मळ. महिन्यानं आले, चेहऱ्यावर तेज. मी काट्यावर उभं केलं अन् काटा पाहून मलाच घाम फुटला. चार पौंड वाढले होते!

साहेब खवळले. "उपवास मोडला तुम्ही!"

"जानव्याची शपथ! अन्नाचा कण पोटात नाही!"

मग हळूहळू यादी निघाली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट. दुपारी शिंगाड्याचा शिरा, रताळ्याचा कीस, तूप सोडून. चारला राजगिऱ्याचे लाडू. रात्री बासुंदी, हलकं म्हणून.

साहेबांनी कपाळावर हात मारला. दाराशी उभ्या असलेल्या भटजीकाकू पदर सावरत तडकल्या, "अहो, उपवास म्हणून काय मी यांना उपाशी ठेवू?"

* * *

यानंतर साहेबांनी नागपूरहून जुना मायक्रोस्कोप आणवला. नानांचे जंतू डोळ्यांनी पाहायचे होते! त्यासाठी सकाळचा परसाकडचा नमुना हवा. नाना तेव्हा वास्तुशांतीला अकोटला. पण माणूस शब्दाचा पक्का. डबीत नमुना भरला, वर स्वच्छ पंचा बांधला अन् एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती दिला. काय आहे ते लाजेनं सांगितलं नाही.

दुपारी कंडक्टर दवाखान्यात आला. दोन्ही हातांवर डबी, कपाळाला लावली अन् मला दिली. "भटजीचा प्रसाद हाय. खाली ठेवला नाही भाऊ, अकोटपासून मांडीवर आणला!"

मी त्याला साबण दाखवला. तर म्हणतो, "राहू द्या. प्रसादाचे हात कोणी धुते काय?"

आत साहेब मायक्रोस्कोपला चिकटून नाचायचे बाकी होते. "ये, ये, बघ! अरे, गोकुळ नांदतंय!" मी डोळा लावला. मला माझ्याच पापण्या दिसल्या. पण "वा साहेब, वा!" म्हणालो. त्यांचा आनंद कोण मोडणार?

* * *

आता शेवटचा. हा आठवला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

अकोल्याला लग्न होतं. मुलीचे वडील भाजीच्या वाडीवाले, नानांचे जुने यजमान अन् साहेबांचे पेशंट. मुलीचे मामा कोण? आपले रामभाऊ! त्यांनी मेव्हण्याला बजावलं होतं, "त्या पिणाऱ्या भटाले बोलावू नका." मेव्हणा म्हणाला, "लग्न नानाच लावतील."

नाना मला म्हणाले होते, "एवढं एक लग्न निर्विघ्न होऊ दे. लोकांची तोंडं बंद होतील." चार दिवस पोट साफ नाही, झोप नाही, हे मात्र साहेबांपासून लपवलं.

मांडव भरलेला, साहेब अन् मीही तिथंच. नवरदेव पाटावर, अंतरपाट धरलेला. आतल्या दाराशी रामभाऊ भाचीचा हात धरून तयार. नानांनी हाक द्यायची की मामा मुलीला आणणार. हाक येईना! नानांचे हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, अन् तोंडातून श्राद्धाचे मंत्र निघाले! लग्नात, राजेहो! मग ते झुलले अन् अक्षतांच्या ताटातच बसले.

रामभाऊ भाचीचा हात सोडून धावत आले. "पिऊन आला हा भट! म्या पयलेच सांगतलं होतं!"

साहेब खुर्च्या ढकलत पुढे आले. नानांचं तोंड हुंगलं, हात पुढे धरून पाहिले, पंजे फडफडत होते. "हे आतड्यातलं विष आहे! लिव्हर थकलंय, गाळत नाही, म्हणून डोक्यात चढलं! दारूचा वास असेल तर मी वैद्यकी सोडतो. रामभाऊ, हुंगा!"

रामभाऊ वाकले, हुंगलं. अन् एक शब्द न बोलता बाजूला झाले.

लग्न दुसऱ्या गुरुजींनी लावलं. आम्ही नानांना जीपमध्ये घालून साहेबांच्या मित्राच्या दवाखान्यात नेलं. शुद्ध गेली होती. मी एनिमा दिला. आतड्यातले जंतू मारायच्या गोळ्या साहेबांनी कुटून नळीनं पोटात सोडल्या. मासिकात वाचलं होतं, कोणाला देऊन पाहिलं नव्हतं!

काकू खाटेशी बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, गेले तर नशीब माझं. पण लोक म्हणतील, पिऊन गेले."

साहेबांनी पुन्हा गोळ्या कुटायला घेतल्या.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात रामभाऊ. हातात संत्र्यांची टोपली, मान खाली. आत येईनात. "वास नव्हता, काकू," एवढंच म्हणाले. "म्या हुंगलं होतं. चारचौघांत सांगाले जीभ उचलली नाही."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात खाट करकरली! नानांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, खाकरले, अन् भरल्या मांडवात देतात तशी खणखणीत हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

रामभाऊंच्या हातातली टोपली सुटली. संत्री खोलीभर घरंगळली. त्या दणकट माणसाचा आवाज पार बसला होता.

"आलो, महाराज. आलो!"